खानपान विभागाचे चाळीस सेकंद

वुर्यानीने ते पत्रक दोनशे वेळा वाचलं, कारण त्याच्या दोनशे प्रती तिनेच काढल्या होत्या. कॉलेजच्या मागच्या फाटकाशी तिचं झेरॉक्सचं दुकान आहे. कॉलेजच्या लघुपट महोत्सवाची पोरं आली, दोनशे प्रती सांगून समोरच्या टपरीवर भात खायला गेली, आणि यंत्र एकेक कागद बाहेर टाकत बसलं. लघुपट स्पर्धा. लांबी जास्तीत जास्त दहा मिनिटं. विषयाचं बंधन नाही. फोनवर काढलेला चालेल. कोणीही भाग घेऊ शकतं. साधारण दीडशेव्या प्रतीला तिच्या डोक्यात आलं, की असला एक लघुपट आपल्याकडे तयार आहे.

खरंच तयार होता. आमच्या सोलो शहरात चार माणसं एकत्र आली की सभा होते आणि सभा झाली की चहा लागतो. गोड, कडक आणि जीभ पोळेल इतका गरम. वुर्यानी तीन वेगवेगळ्या कंपन्यांच्या पुड्या एकत्र करून चहा करते. प्रमाण किती ते तिने आजवर कोणालाही सांगितलेलं नाही, आणि त्या एका गुणापायी बावीस वर्षं ती गल्लीच्या प्रत्येक कार्यात पडद्यामागे आहे. लग्न असो, बारसं असो, कोणाच्या मृत्यूचा सातवा दिवस असो, नाहीतर गटार कोणी साफ करायचं याची बैठक असो. ती पडद्याच्या फटीतून ट्रे पुढे करते. बाहेरून हात येतात, ग्लास उचलतात आणि जातात. हाताबरोबर चेहरा वळलाय असं क्वचितच होतं.

एक दिवस तिने साखरेच्या डब्याला टेकून फोन उभा केला. मग चार महिने करतच राहिली. अंगठ्यांचे हात, मेंदीचे हात, ग्रीस लागलेले हात, एकाच वेळी दोन ग्लास पळवणारे हात. पुढे दुकानात गिऱ्हाईक नसताना तिने ते तुकडे फोनवरच कापले, जोडले, पुन्हा कापले. नऊ मिनिटं झाली. त्यात कोणी बोलत नाही, गाणं नाही. ग्लासांची किणकिण आणि लांबून कोणाचं तरी भाषण चाललेलं, एवढंच. नाव ठेवलं ‘ग्लास’. शेवटी काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत एकच शब्द: वुर्यानी.

तिचा सगळा जीव त्या शब्दात होता. लग्न झाल्या दिवसापासून गल्लीला ती ‘बू गुनार्सो’, म्हणजे गुनार्सोच्या घरची बाई. आमच्याकडे असंच चालतं, त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही. मुलगी झाल्यावर खुद्द गुनार्सोही तिला ‘आई’ म्हणू लागला. मुलगी लग्न होऊन बाताम बेटावर गेली, तो मात्र अजून ‘आई’च म्हणतो. वुर्यानी म्हणून हाक मारणारी तिची स्वतःची आई सहा वर्षांपूर्वी गेली, आणि तेव्हापासून ते नाव ओळखपत्रावर पडून आहे. स्पर्धा जिंकावी असं तिला वाटत नव्हतं असं नाही. पण खरं सांगायचं तर तिला ते नाव एकदा मोठ्या पडद्यावर बघायचं होतं, पाच-सहा हात लांब, अंधारात बसलेल्या अनोळखी माणसांना वाचता येईल असं.

अर्जाला एकच गोष्ट जोडायची होती: स्पर्धक इथेच राहतो असा गल्लीप्रमुखाचा दाखला. तिथेच माशी शिंकली.

गल्लीप्रमुख पाक हार्योको (पुरुषाला पाक, बाईला बू, ही आमच्याकडची आदराची हाक) भूमापन खात्यातून निवृत्त झालेले. निवृत्तीनंतर मोजायला जमीन उरली नाही म्हणून त्यांनी माणसं मोजायला घेतली, असं त्यांच्या मागे बोललं जातं. त्यांच्याकडे चार शिक्के आहेत, दोन कर्णे आहेत आणि दुपारभर वेळ आहे. वुर्यानी संध्याकाळी केळीची भजी घेऊन त्यांच्या ओसरीवर गेली आणि दाखला हवा म्हणाली. कशासाठी, तर लघुपटासाठी. पाक हार्योकोंनी हातातला शिक्का खाली ठेवला.

“आणि समिती?” त्यांनी विचारलं.

समिती नाही, लघुपट करून झालाय, असं तिने सांगितलं.

“बू, असं कसं चालेल? उद्या तिथे कोणी विचारलं की चौथ्या गल्लीचा चित्रपट आला, गल्लीतली माणसं कुठायत, तर मी काय तोंड दाखवू? एकट्या बाईला पुढे करून आम्ही घरात बसलो असंच म्हणतील की.” मग समजुतीच्या सुरात म्हणाले, “करून झालाय हे उत्तमच झालं. म्हणजे अर्धं काम उरकलं.”

उरलेलं अर्धं काम कोणतं हे तिने विचारायला हवं होतं. ती ‘बरं’ म्हणाली. आमच्याकडे मोठ्या माणसाला तोंडावर नाही म्हणत नाहीत. ‘बरं’ म्हणतात आणि घरी जाऊन भांडी आपटतात. तिनेही घरी जाऊन आपटली. गुनार्सोने पेपरातून डोकं वर काढून काय झालं विचारलं. काही नाही, म्हणाली.

रविवारी सभा झाली. चहा वुर्यानीनेच केला. पडद्यामागून तिला ऐकू येत होतं: आश्रयदाते म्हणून लुराहसाहेब, म्हणजे वॉर्डाचे सर्वेसर्वा, त्यांना अजून कळवलं नव्हतं, पण नाव असलेलं बरं. मुख्य सल्लागार पाक मुल्यार्तो, आठ-दहा गल्ल्यांचे प्रभागप्रमुख. निमंत्रक खुद्द पाक हार्योको. कार्याध्यक्ष पाक पार्तोनो, कारण स्वातंत्र्यदिनाच्या रस्सीखेचीचे कार्याध्यक्षही तेच होते आणि त्यांना सवय होती. चिटणीस पाक विदाग्दो, ज्यांचं अक्षर गल्लीत सर्वांत चांगलं. मग खजिनदार, जरी खजिना नव्हता. मग सुरक्षा विभाग, स्वच्छता विभाग, प्रार्थना विभाग, वाहतूक विभाग. गुनार्सोकडे ताडपत्री आणि लांब वायर होती म्हणून तो सामान विभाग. यादी संपत आली तेव्हा कोणीतरी चित्रपट कोण करणार असं विचारलं. तो झालेलाच आहे, पाक हार्योको म्हणाले, आणि सगळ्यांनी समाधानाने माना हलवल्या.

“बू गुनार्सो राहिल्या,” चिटणीस म्हणाले.

“त्या नेहमीप्रमाणे खानपान,” पाक हार्योको म्हणाले, आणि फटीतून एक हात चहासाठी आत आला.

बावीस जणांची समिती झाली. वुर्यानीने स्वतःच्या दुकानात त्या यादीच्या चाळीस प्रती काढल्या. तिच्या चित्रपटाच्या समितीत ती सर्वांत खाली होती, वायर आणि ताडपत्रीच्याही खाली. त्या रात्री तिला इतका राग आला की चहाच्या तीन पुड्यांचं प्रमाण तिने मुद्दाम बिघडवावं असं मनात आणलं. पण हात धजला नाही. चहाने काय घोडं मारलं होतं.

दुसऱ्या सभेत पाक हार्योकोंनी एक बारीकसा मुद्दा काढला. कोणतंही कार्य एकदम सुरू होत नाही. आधी दोन शब्द लागतात. चित्रपट हेही कार्यच, तेव्हा सुरुवातीला निमंत्रकांचं प्रास्ताविक असावं, अगदी छोटं. वुर्यानीने हिशेब केला: आपली नऊ, त्यांचं एक, दहा होतात. बरं, म्हणाली. तिने गल्लीच्या पहारा चौकीसमोर फोन उभा केला, पाक हार्योको बाटिकचा शर्ट घालून उभे राहिले आणि दोन मिनिटं बोलले. त्यातलं पहिलं दीड मिनिट उपस्थित मान्यवरांना नमस्कार करण्यात गेलं. समोर फक्त फोन होता आणि मागे चौकीत झोपलेलं मांजर.

आता निमंत्रक बोलले आणि त्यांच्या वरचे प्रभागप्रमुख बोलले नाहीत, हे कसं दिसेल? पाक मुल्यार्तोंना बोलवावं लागलं. ते तसे मितभाषी, एक मिनिट पन्नास सेकंदांत आटोपले. पण प्रभागप्रमुख बोलले म्हटल्यावर लुराहसाहेबांना डावलणं म्हणजे सरळसरळ अपमान. सहा जणांचं शिष्टमंडळ केक घेऊन कचेरीत गेलं. लुराहसाहेबांना अंगावर मूठभर मांस चढल्यासारखं झालं. त्यांनी कचेरीतल्या माणसाकडून भाषण लिहवून घेतलं, साडेतीन मिनिटांचं. त्यात वॉर्डातल्या कचरा वर्गीकरणाचे आकडे होते, डासनिर्मूलनाचे आकडे होते आणि शेवटी चित्रपटकलेच्या वाट्याला एक वाक्य होतं. ते वाक्य वाचताना त्यांना ठसका लागला, तेव्हा ते पुन्हा वाचलं.

मग कार्याची सुरुवात प्रार्थनेने व्हावी असं प्रार्थना विभागाने सुचवलं, आणि याला नाही म्हणायला कोणाची जीभ रेटणार? चाळीस सेकंद. भाषणांच्या शेवटी कार्याध्यक्षांचं आभारप्रदर्शन, कारण आभार न मानता उठणारी माणसं आम्ही नाही. तीस सेकंद. शिवाय समितीची नावं पडद्यावर मानाप्रमाणे यायला हवीत, प्रत्येक नाव वाचता येईल इतका वेळ. पन्नास सेकंद.

प्रत्येक सभेनंतर वुर्यानी दुकानात बसून स्वतःच्या चित्रपटातून हात कापायची. आधी लग्नाचे गेले. मग बारशाचे. हे काम दुसऱ्या कोणावर टाकायचीही सोय नव्हती, कारण समितीतल्या बावीस जणांपैकी ते येत होतं फक्त खानपान विभागाला. एकदा तिने धीर करून सांगितलं, की आता चित्रपट दोनच मिनिटं उरलाय, आणखी कापला तर त्यात काही राहणार नाही. सभेने हे फार गांभीर्याने घेतलं. तासभर चर्चा झाली. सुरक्षा विभाग म्हणाला, चित्रपट दुप्पट वेगाने पळवावा. स्वच्छता विभागाला वाटलं, लुराहसाहेब बोलत असताना कोपऱ्यात लहानशा चौकटीत हात दाखवता येतील. पण चौकट कोणत्या कोपऱ्यात ठेवायची यावर एकमत होईना. डावीकडे लुराहसाहेबांचा बिल्ला झाकला जात होता, उजवीकडे राष्ट्रध्वज. शेवटी आहे तेच बरं असं ठरलं.

“थोडक्यातच गोडी असते,” पाक हार्योको म्हणाले, आणि चहाचा दुसरा ग्लास मागितला.

सगळी बेरीज करून नऊ मिनिटं वीस सेकंद झाली. उरले चाळीस सेकंद.

शेवटचा तंटा नावावरून झाला, म्हणजे वुर्यानीच्या मनातल्या मनात झाला. चित्रपटाच्या अखेरीस एकटंच कोणाचं तरी नाव येतंय हे चिटणिसांच्या लक्षात आलं. त्यांनी चष्मा पुसून वाचलं. हे नाव यादीत नाही, कोणाचं आहे, असं त्यांनी विचारलं. वुर्यानी म्हणाली, माझं. पाक विदाग्दो भले गृहस्थ; ते ओशाळले, म्हणाले, अहो तुमचं नाव आहेच की, आणि यादीतली शेवटची ओळ दाखवली: ‘बू गुनार्सो, खानपान’. दोनदा आलं तर वरच्यांना बरं दिसणार नाही. तिने तो काळा पडदा कापला. चार सेकंदांचा होता. ते चार सेकंद तिने हातांना दिले, आणि त्या दिवशी दुकानाचं शटर अर्धं ओढून ती आतल्या आत रडली. झेरॉक्सला आलेल्या पोराला यंत्र बिघडलंय म्हणून सांगितलं.

अर्ज गेला. तीन आठवड्यांनी निरोप आला: निवड झाली आहे. परीक्षकांनी खाली लिहिलं होतं, की इतका निर्दय विनोद त्यांनी बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता. समितीने हे वाक्य तीन वेळा वाचलं. विनोद कुठला हे कोणालाच कळेना. लुराहसाहेबांना लागलेला ठसका असावा, असं पाक पार्तोनोंचं मत पडलं. पाक हार्योको म्हणाले की शिकलेली माणसं स्तुती अशीच करतात.

महोत्सवाच्या दिवशी दुपारी दोन मिनीबस निघाल्या. सगळ्यांनी एकाच नक्षीचे बाटिक शर्ट शिवले होते. गळ्यात बिल्ले होते. ते वुर्यानीनेच छापून, प्लास्टिकमध्ये घालून दिले होते. आश्रयदाते, सल्लागार, निमंत्रक, अशी पदं मोठ्या अक्षरांत आणि नावं बारीक. सभागृहाच्या दाराशी महोत्सवाची एक पोरगी बिल्ले वाचून माणसांना जागा दाखवत होती. मान्यवर पहिल्या रांगेत. विभाग दुसऱ्या रांगेत. वुर्यानीचा बिल्ला वाचून ती म्हणाली, “बरं झालं आलात बू, केव्हाची वाट बघतोय,” आणि तिला हाताला धरून बाजूच्या खोलीत घेऊन गेली. तिथे दोनशे माणसांचा चहा व्हायचा होता आणि करणाऱ्या बाईला ताप आला होता.

आपण या चित्रपटाच्या आहोत, हे वुर्यानी सांगणारच होती. पण टेबलावर चहाच्या दोऱ्याच्या पिशव्या होत्या, आणि कोमट पाण्याचा थर्मास. दोनशे माणसांना ते पाणी पाजायचं हे तिला बघवेना. तिने पदर खोचावा तशा बाह्या वर सारून आधी गॅस पेटवला. पाच मिनिटं, मग जाते, असं स्वतःला सांगितलं. असं सांगतच तिचं अर्धं आयुष्य गेलंय.

‘ग्लास’ लागला तेव्हा ती दाराच्या फटीत ट्रे घेऊन उभी होती.

प्रार्थना झाली तेव्हा सभागृह शांत होतं. मागे मांजर झोपलेलं असताना पाक हार्योकोंनी उपस्थित मान्यवरांना नमस्कार केला, तेव्हा मागून कोणीतरी खुदकन हसलं. पाक मुल्यार्तो आले, तेव्हा आणखी चार जण हसले. लुराहसाहेब आले, डासांचे आकडे आले, तेव्हा पोरं खुर्च्यांवर लोळायला लागली. ठसक्याला टाळ्या पडल्या. दुसऱ्यांदा वाचलेल्या वाक्याला शिट्ट्या. पहिल्या रांगेत लुराहसाहेब अर्धवट उठून मागे वळले आणि हात जोडले, त्यावर हशा इतका वाढला की पुढचं आभारप्रदर्शन कोणाला ऐकूच आलं नाही. आपल्या भाषणात इतका रस कोणी घेतलेला पाक हार्योकोंनी जन्मात पाहिला नव्हता. त्यांचे डोळे पाणावले होते. मग नावं आली, बावीस, मानाप्रमाणे, आणि एकेक नावाबरोबर लोक मोठमोठ्याने पदं वाचू लागले. ‘बू गुनार्सो, खानपान’ला सर्वांत मोठा हशा पिकला. वुर्यानीने ट्रे छातीशी ओढून घेतला. तिला इतकी लाज कधी वाटली नव्हती, आणि लाज तिने स्वतःच्या हाताने कापून-जोडून आणली होती.

मग ते चाळीस सेकंद सुरू झाले. एक हात आला, ग्लास घेऊन गेला. दुसरा आला. तिसरा. लांबून भाषण ऐकू येत होतं. पहिले दहा सेकंद लोक हसत होते, कारण आता पुढे काय विनोद येतो याची ते वाट बघत होते. मग हसणं विरळ झालं. हात येत राहिले, एकोणीस हात, आणि शेवटी प्लास्टिकच्या टबात ग्लास विसळणारे दोन हात, पाण्याने सुरकुतलेले, त्यातल्या एकावर भाजल्याचा डाग. मग पडदा काळा झाला. त्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं.

टाळी लगेच वाजली नाही. वाजली तेव्हा वेगळी वाजली.

परीक्षक मंडळाच्या प्रमुख बू तिओदोरा तोबा तलावाकडच्या. तिकडची माणसं मनात येईल ते बोलतात आणि समोरचा बोलेल तेच त्याच्या मनात आहे असं धरून चालतात. आम्हा सोलोवाल्यांना त्यांच्याशी बोलताना घाम फुटतो. त्या माईक घेऊन मंचावर आल्या आणि ‘ग्लास’वाल्यांनी वर यावं म्हणाल्या. एकवीस बाटिक शर्ट ओळीने वर चढले, मानाप्रमाणे उभे राहिले.

“सुरुवातीचं झकासच आहे,” बू तिओदोरा म्हणाल्या. “पण मला शेवटच्याबद्दल विचारायचंय. ते हात. ते कोणी केलं?”

त्यांनी माईक लुराहसाहेबांपुढे धरला, कारण ते पहिले होते.

आता इथे काय होतं, हे आमच्याकडच्या लहान पोरालाही ठाऊक आहे. कोणी स्तुती केली की माणूस म्हणतो, छे छे, मी कुठला, हे सगळं ह्यांच्यामुळे. मग तो दुसरा म्हणतो, नाही हो, साहेबांचंच मार्गदर्शन. असं दोन-तीनदा झालं की ज्याचा मान असतो तो आढेवेढे घेत मान स्वीकारतो आणि बोलायला लागतो. लुराहसाहेबांच्या खिशात तर भाषणाचा कागदही तयार होता. ते नम्रपणे हसले.

“छे छे, माझं काय त्यात. हे सगळं प्रभागप्रमुखांमुळे.”

“बरं,” बू तिओदोरा म्हणाल्या, आणि माईक पाक मुल्यार्तोंपुढे नेला.

लुराहसाहेबांचा खिशाकडे निघालेला हात वाटेतच थांबला. पाक मुल्यार्तोंनी सवयीने सांगितलं, की आपण नावापुरते, कष्ट सगळे गल्लीप्रमुखांचे. त्यांनी साहेबांकडे परत पाठवायला हवं होतं, पण तोवर माईक पुढे गेला होता. पाक हार्योको तर खुद्द निमंत्रक. त्यांना नकार जास्तच नम्रपणे द्यायचा होता. त्यांनी डोळे मिटले, मान लववली आणि म्हणाले, मी तर साधा निमित्तमात्र. ते अजून मान लववून उभे होते आणि बू तिओदोरा कार्याध्यक्षांपाशी पोचल्या होत्या.

माईक ओळीने घसरत चालला. कार्याध्यक्षांनी चिटणिसांकडे बोट दाखवलं, चिटणिसांनी खजिनदारांकडे. प्रत्येक जण मान खाली घालून नाही म्हणायचा, आणि मान वर करीपर्यंत माईक गेलेला असायचा. सुरक्षा विभाग घामाघूम झाला. प्रार्थना विभाग म्हणाला, सगळं वरच्याच्या कृपेने, तेव्हा बू तिओदोरांनी क्षणभर छताकडे पाहिलं आणि पुढच्याला विचारलं. सभागृहात पुन्हा हशा पिकू लागला होता. पाक हार्योको ओळीतून वाकून वाकून माईक परत कसा आणावा ते बघत होते, पण रीतच अशी, की बाकीच्यांनी आग्रह केल्याशिवाय मागता येत नाही.

शेवटी उरला सामान विभाग. गुनार्सोने आयुष्यात माईक हातात घेतला नव्हता. तो म्हणाला, “मी फक्त वायर ओढली.” थोडा थांबून म्हणाला, “असलंच तर ते खानपान विभागाचं आहे.” तो खरं सांगत होता की रीत पाळत होता, हे वुर्यानीला अजून ठाऊक नाही. तिने त्याला विचारलेलंही नाही.

“खानपान विभाग कुठाय?” बू तिओदोरांनी विचारलं.

दाराशी बसलेल्या पोरांनी वुर्यानीकडे पाहिलं. ती ट्रे घेऊनच मंचावर गेली. खाली ठेवायला कोणी जागाच दिली नाही. गुनार्सोने पुढे होऊन ट्रे तिच्या हातून घेतला. माईक तिच्यापुढे आला. तिच्या नंतर ओळीत कोणी नव्हतं.

काय म्हणायचं ते तिच्या ओठांवर तयार होतं. छे हो, मी कुठली, हे सगळं वरिष्ठांच्या मार्गदर्शनामुळे. म्हटलं असतं तर माईक उलटा फिरून थेट लुराहसाहेबांकडे गेला असता, कागद खिशातून बाहेर आला असता, आणि सगळं सुरळीत झालं असतं. एकवीस जण तिच्याकडे बघत होते. पाक हार्योकोंनी तर ओळीतूनच हात पुढे केला होता, तळवा वर, नेहमी फटीतून यायचा तसा.

“म्हणा बू, आपल्या आशीर्वादाने म्हणा, आणि इकडे द्या,” ते हळूच म्हणाले.

इतकी माणसं आपल्या तोंडाकडे बघतायत हे वुर्यानीने कधी अनुभवलं नव्हतं. घाबरली होती, आणि त्या घाबरण्याखाली तिला एक विचित्र मोकळं मोकळं वाटत होतं.

“मी केलं,” ती म्हणाली. “ते शेवटचे हात माझेच आहेत. चित्रपट नऊ मिनिटांचा होता. माझं नाव वुर्यानी.”

सभागृहात इतकी शांतता होती, की पाक हार्योको चिटणिसांच्या कानाशी लागून काय बोलले ते मागच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं.

“वुर्यानी कोण?”

पाक विदाग्दोंनी खिशातून यादी काढली, चष्मा चढवला, वरपासून खालपर्यंत दोनदा बोट फिरवलं, आणि असं कोणी आपल्या समितीत नाही म्हणून सांगितलं.